जर्मनीत बिऱ्हाड मांडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. त्यामुळे असेल, पण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आता जर्मनीची पत्रं बरीच असतात. व्हिसा मिळेपर्यंतची माहिती बहुतेकांकडे असते. अडचण येते ती विमानतळाबाहेर पडल्यानंतर. म्हणून या वेळी फक्त घर, कागद, स्वयंपाक आणि शेजार.

प्रश्न : नवऱ्याला स्टुटगार्टमध्ये नोकरी लागली आहे. मी आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्याबरोबरच जाणार. पहिल्या महिन्यात कोणतं काम आधी करायचं? जो तो वेगळंच सांगतो. — वाचक, नाशिक

सगळ्याची सुरुवात घरमालकाच्या सहीच्या एका कागदापासून होते. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे 'ही माणसं माझ्या घरात अमुक तारखेपासून राहतात' असं मालकाचं पत्र. ते घेऊन, घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, पालिकेच्या बुर्गरब्युरोत पत्ता नोंदवायचा. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. सुरुवातीला फर्निश्ड खोली किंवा सर्व्हिस अपार्टमेंट घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : इथे आनमेल्डुंग होईल का? 'नाही' म्हणाले, तर ती जागा स्वस्त असूनही महागात पडते.

बुर्गरब्युरोच्या वेळा ऑनलाइन मिळतात आणि मोठ्या शहरांत लवकर भरतात. दोन आठवड्यांत वेळ मिळत नसेल, तर मिळेल ती घ्या आणि मुदतीच्या आत मागणी केल्याचा ईमेल जपून ठेवा. जाताना तिघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि त्या दाखल्यांचं शपथबद्ध अनुवादकानं केलेलं जर्मन भाषांतर न्या. पती-पत्नी अशी नोंद पहिल्याच दिवशी झाली, तर पुढची निम्मी कामं सुरळीत होतात. विवाह प्रमाणपत्र नाशिकच्या कपाटात राहिलं, की नवऱ्याची नोंद अविवाहितासारखी होऊन त्याचा पगारावरचा कर पहिल्या वर्गात कापला जातो (हा कर सहा वर्गांत कापतात, आणि प्रत्येक वर्गाची कपात वेगळी असते). लग्नाची नोंद झाल्यावर दोघांना चौथा वर्ग मिळतो. तुम्ही लगेच नोकरी करणार नसाल, तर त्याला तिसरा आणि तुम्हाला पाचवा असा अर्ज करा, दर महिन्याचा हातात येणारा पगार वाढतो. हा अर्ज आपला आपणच करावा लागतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर फार काही अवलंबून आहे : टपालपेटीवरचं नाव. जर्मनीत पत्त्याला फ्लॅट नंबर नसतो. इमारतीचा नंबर असतो, आणि पोस्टमन पेटीवरची आडनावं वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल, तर पत्र परत जातं. पासपोर्टवर तुमचं माहेरचं आडनाव असेल, तर पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं हवीत. पासपोर्टवरच्या अक्षरांत एकाचाही फरक करू नका. पहिल्या दिवशी कागदावर ठळक लिहून चिकटवा, पाटी नंतर होईल. ११ आकडी करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं याच पेटीत येतं. करक्रमांक कंपनीला वेळेत मिळाला नाही, तर सहाव्या वर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त दरानं, कर कापला जाण्याची वेळ येते. तो पैसा नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात अनामत भरताना नेमकी त्याचीच चणचण भासते.

आनमेल्डुंग झाली, की त्याच आठवड्यात तीन गोष्टी उरकायच्या. बँक खातं उघडा. कायदेशीर वास्तव्य असलेल्या माणसाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे एका बँकेनं नकार दिला तर दुसरीकडे 'बाझिसकोंटो'चा अर्ज द्या. सरकारी पद्धतीच्या आरोग्यविम्यात तुमचं आणि मुलीचं नाव घाला. तुमचं उत्पन्न नसेल, तर कुटुंबाला वेगळा हप्ता पडत नाही, पण अर्ज भरल्याशिवाय नावं आपोआप जात नाहीत. आणि आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, वास्तव्य कार्डासाठी वेळ मागा. व्हिसाची मुदत संपायच्या महिनाभर आधी जागे झालात, तर वेळ मिळत नाही.

मुलीला शाळा सक्तीची आहे. भाषा येत नसलेल्या मुलांसाठी तिथे तयारीचे वर्ग असतात, पालिकेच्या शाळा विभागाकडे चौकशी करा. लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा शाळा मागतेच. किंडरगेल्ड हा मुलांसाठीचा मासिक भत्ता २०२५ मध्ये २५५ युरो होता. तुमच्या वास्तव्याच्या परवान्यावर तो लागू होत असेल, तर अर्ज लगेच करा. मागची रक्कम जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच देतात.

थोड्या दिवसांनी रुंडफुंकबायट्रागचं पत्र येईल. ही सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी आहे, महिना १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही नसला तरी. एका घराला एकच. दोघांच्या नावानं दोन पत्रं आली, तर दुसऱ्याच्या उत्तरात पहिल्याचा वर्गणी क्रमांक लिहून कळवा. जाहिरात समजून टाकून देऊ नका, थकबाकी दंडासकट वाढते. हाच नियम जर्मनीत येणाऱ्या प्रत्येक पत्राला लावा : ज्या दिवशी आलं त्या दिवशी फोडायचं, आणि आतली मुदतीची तारीख आधी शोधायची.

प्रश्न : जाहिरातीत '३ झिमर, काल्ट ९८०' असं लिहिलंय. म्हणजे एकूण किती पैसे लागतील? आणि फोटोत स्वयंपाकघर रिकामं का दिसतंय? — वाचक, इंदूर

झिमर म्हणजे खोल्या. त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. तीन झिमर म्हणजे एक बैठकीची खोली आणि दोन निजायच्या, आपल्या टू बीएचकेसारखं. काल्टमीटे हे नुसत्या जागेचं भाडं. त्यावर नेबेनकोस्टेन : पाणी, कचरा, जिन्याची सफाई, बहुतेकदा घर तापवण्याचा खर्च. दोन्ही मिळून वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट यांत सहसा नसतात, त्यांचे करार तुम्ही करायचे.

नेबेनकोस्टेन ही अंदाजानं घेतलेली आगाऊ रक्कम असते. वर्षाचा हिशेब मालकानं ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचा असतो. हिवाळ्यात खिडकी उघडी आणि हीटर चालू असा संसार केला, तर या हिशेबात काहीशे युरोंची मागणी येऊ शकते. पहिल्या वर्षी त्यासाठी पैसे बाजूला ठेवा.

अनामत, म्हणजे काउत्सिओन, कायद्यानं जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. तुमच्या बाबतीत २९४० युरो. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा तुम्हाला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घर प्रत्यक्ष किंवा विश्वासू माणसाकरवी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. 'मी परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो' असं म्हणणारा मालक म्हणजे ठग, यात अपवाद शोधू नका.

रिकामं स्वयंपाकघर ही तिथली रीतच आहे. बऱ्याच घरांत शेगडी, ओटा, सिंक काहीही नसतं, भिंतीतून पाण्याचे नळ आणि विजेची वायर तेवढी बाहेर आलेली दिसते. दिव्यांचंही तसंच, छतातून दोन-तीन वायरी लोंबतात. जाहिरातीत 'आइनबाउक्युखे' हा शब्द असेल, तर ओटा-शेगडी आहे. नसेल, तर आधीच्या भाडेकरूचा ओटा विकत घ्यायचा पर्याय मिळतो, त्या रकमेला अबलोजे म्हणतात. त्यावर घासाघीस चालते. नव्या माणसाला आमचा सल्ला : पहिलं घर ओटा असलेलंच घ्या, शंभर युरो जास्त पडले तरी. नवा ओटा बसवायला अनेक आठवडे जातात, आणि घर सोडताना तो उखडून न्यायचा की विकायचा हा प्रश्न उरतोच.

शूफा म्हणजे पत-नोंद. नव्यानं आलेल्यांची ती नसतेच. नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं पत्र अशी एकच नीट फाइल करून मालकाला द्या.

किल्ली घेताना युबरगाबेप्रोटोकोल भरून घ्या. वीज, गॅस, पाणी यांच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती, फरशीवरचा ओरखडा, बेसिनची चीर, सगळं लिहा आणि फोटो काढा. जे लिहिलं नाही, ते निघताना तुमच्या अनामतीतून जाऊ शकतं. जोडीला प्रिवाटहाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, काढा. वर्षाला शंभर युरोच्या आत सहज मिळतो. त्यात भाड्याच्या घराचं नुकसान आणि किल्ली हरवणं ही दोन कलमं आहेत ना, तेवढं बघा. इमारतीची एक किल्ली हरवली, तर सगळ्यांची कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो.

घर सोडायचं असेल, तर मुदत तीन महिन्यांची. जूनअखेर निघायचं तर घर सोडत असल्याची नोटीस मालकाच्या हातात एप्रिलच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली पाहिजे. ती कागदावर, शाईच्या सहीनिशी हवी. ईमेल किंवा व्हॉट्सअॅप धरत नाहीत. करारावर दोघांची नावं असतील, तर दोघांच्याही सह्या.

प्रश्न : फ्रँकफर्टला भाड्याच्या घरात दुसरा हिवाळा चालू आहे. निजायच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आली. मालक म्हणतो, 'तुमच्या स्वयंपाकाची वाफ.' आम्ही खिडकी दिवसभर थोडी तिरकी उघडी ठेवतो, तरीही हे का झालं? — वाचक, फ्रँकफर्ट

तिरकी खिडकी हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे.

गरम हवा जास्त पाणी धरते. २० अंश सेल्सियसची हवा एका घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशांची साडेनऊ, शून्याची पाच ग्रॅमपेक्षाही कमी. तुमच्या खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत सुमारे साडेदहा ग्रॅम वाफ आहे. ही हवा १२ अंशांच्या भिंतीला लागली, की थेंब जमतात. बुरशीला तर थेंबाचीही गरज नाही, भिंतीलगत ८० टक्के आर्द्रता टिकली तरी पुरे, आणि तेवढी ती १५ अंशांच्या भिंतीजवळच होते. बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि त्याला चिकटून कपाट, म्हणजे खोलीची ऊब तिथे पोचतच नाही.

तिरक्या खिडकीतून हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत दिवसभर गार पडते. उलट श्टोसल्युफ्टेन करा : हीटर बंद, खिडक्या सताड उघड्या, शक्य तर समोरासमोरच्या दोन्ही, कडक थंडीत पाच मिनिटं. मग बंद करून हीटर पुन्हा चालू. दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी उठल्यावरची एक वेळ चुकवू नका, कारण झोपेतल्या श्वासाची वाफ रात्रभर साठलेली असते. 'बाहेर पाऊस आहे, दमट हवा आत येईल' ही भीती हिवाळ्यात खोटी आहे. शून्य अंशांच्या ओलसर हवेतही चार ग्रॅमच वाफ असते. ती आत येऊन तापली, की आर्द्रता वीस-बावीस टक्क्यांवर उतरते.

स्वयंपाकाबाबत मालक थोडासा बरोबर आहे. कुकर, डाळ, भात यांची वाफ खूप. तेव्हा स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर ती वाफ घरातल्या सगळ्यात गार खोलीत जाऊन बसते, म्हणजे निजायच्या खोलीत. चिमणीला बाहेर जाणारा पाइप आहे का तेही पाहा. नुसती कोळशाची गाळणी असेल, तर ती वास धरते, वाफ परत घरातच सोडते. अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार घराकडे उघडू नका. धुतलेले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नका.

हीटरच्या चाकावरचा ३ हा आकडा सुमारे २० अंश दाखवतो, पुढेमागे एक आकडा म्हणजे चार अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. वापरात नसलेली खोलीही १६-१७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर पुढे ओढा. दहा-पंधरा युरोंचं आर्द्रतामापक आणून त्या खोलीत ठेवा आणि काटा ४० ते ६०च्या मध्ये राखा.

आलेली बुरशी अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी आणि वरवरची असेल, तर औषधांच्या दुकानातलं ७० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. व्हिनेगर लावू नका. गिलाव्यातला चुना आम्ल निकामी करतो आणि उरतं ते बुरशीला खाद्य.

पुसण्याआधी मात्र फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा. दोष न कळवल्यामुळे नुकसान वाढलं, तर त्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. वर सांगितलं ते सगळं करून महिनाभर आकडे लिहून ठेवले आणि तरी बुरशी आली, तर दोष भिंतीत आहे, आणि तुमच्या हातात पुरावा आहे. भाडं मनानं कापू नका, आधी गावातल्या मीटरफेराइनकडे, भाडेकरू संघाकडे जा.

प्रश्न : म्युनिकला आल्यापासून पोळ्या वातड होतात, तूरडाळ मऊ होत नाही आणि केटलमध्ये पांढरा थर बसतो. कुकर, तवा, मिक्सर भारतातून आणले ते चुकलं का? — वाचक, म्युनिक

मिक्सर आणला ते बरोबर केलं. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. फक्त आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही. प्रवासातले बरेचसे अडॅप्टर अर्थिंग जोडत नाहीत. धातूच्या अंगाच्या उपकरणाला ते धोक्याचं, म्हणून वायरला जाणकाराकडून शुको, म्हणजे अर्थिंग असलेला जर्मन प्लग बसवून घ्या.

कुकर-तव्याचं उत्तर शेगडीवर ठरतं. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटत नसेल, तर इंडक्शनवर ते तापणारच नाही, अॅल्युमिनियमचा कुकर तिथे बाद. काचेखाली लाल तापणारी शेगडी असेल, तर चालतो, बूड सपाट हवं. पण तिथे गॅसचा अंदाज फसतो. बटण बंद केलं तरी काच तापलेली राहते आणि कुकर आणखी एक शिट्टी देतो. भात करपायला तेवढं पुरतं. शेवटच्या शिट्टीला कुकर उचलून बाजूला ठेवा. ओढू नका, काचेवर ओरखडा पडतो.

आता पोळी. जर्मन पिठावरचा ४०५, ५५०, १०५० हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच समजा. जात्याच्या दगडात दळलेल्या आपल्या आट्यातलं स्टार्च जास्त दुखावलेलं असतं, ते पाणी खूप पितं आणि पोळी मऊ राहते. जर्मन पीठ पोलादी रुळांवर दळतात, ते कमी पाणी पितं. आपण सवयीनं पाणी ओततो, कणीक चिकट होते, मग वरून कोरडं पीठ लावत जातो, आणि तेच कोरडं पीठ तव्यावर जळून पोळी कडक होते. भारतीय दुकानातला आटा मिळत असेल, तर प्रश्नच नाही. नसेल, तर ५५०चं पीठ दोन भाग आणि वाइत्झनफोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाचं, एक भाग घ्या. ३०० ग्रॅम पिठाला कोमट पाणी १८० मिलिलिटर मोजून, एक चमचा तेल, आणि अर्धा तास झाकून ठेवा. फोलकोर्नमधला कोंडा भिजायला तेवढा वेळ लागतोच. तवा जड बिडाचा घ्या आणि ९ पैकी ७-८ वर पाच मिनिटं तापू द्या. काचेची शेगडी मधूनमधून आपोआप बंद-चालू होते. पातळ तवा तेवढ्यात गार पडतो, पोळी भाजण्याऐवजी वाळते, आणि वातड होते.

डाळ आणि केटल या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, पाण्यातला चुना. म्युनिकचं पाणी मांगफाल खोऱ्यातल्या चुनखडीतून येतं, प्यायला उत्तम पण कडक. त्यातलं कॅल्शियम डाळीला घट्ट करतं. डाळ तासभर भिजवा, पाणी गाळणी बसवलेल्या भांड्यातून घ्या किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. केटलसाठी झिट्रोननझॉयरे, म्हणजे लिंबूसत्त्व, लिटरभर गार पाण्यात एक-दोन चमचे घालून अर्धा तास ठेवा. हे पाणी उकळू नका. उकळल्यावर त्याच चुन्याचा दुसरा, न विरघळणारा थर बसतो आणि तो निघता निघत नाही.

प्रश्न : लेकीचं बाळंतपण ड्युसेलडॉर्फला आहे. मी तीन महिने जाणार. साजूक तूप, डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान नेता येईल का? कधी निघावं? — वाचक, कोल्हापूर

आधी तारखा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. हे म्हणजे पंचांगातले तीन महिने नव्हेत, बोटावर मोजलेले ९० दिवस. बाळंतपणाच्या महिनाभर आधी गेलात, तर नातवंडाजवळ दोनच महिने उरतात, आणि मुदत वाढवून मिळणं जवळजवळ नाही. आमच्या मते दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी पोचावं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार त्यात धरलेत का ते वाचा, बहुतेकदा धरलेले नसतात. लेक-जावई खर्चाची हमी देणार असतील, तर तिथल्या आउसलेंडरबेहोर्डेत फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग करून मूळ कागद तुम्हाला पाठवायचा, त्याची फी २९ युरो. रोजची औषधं मूळ वेष्टनात, तीन महिन्यांपुरती, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.

तूप, खवा, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशानं आणायला बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. खारीक, डिंक, सुंठ, बडीशेप, मसाले बंद पाकिटात न्या.

तूप तिथे उत्तम होतं, यावर विश्वास ठेवा. दुकानात लोण्याच्या दोन जाती असतात. झ्युसरामबुटर गोड सायीचं, झाउअररामबुटर विरजलेल्या सायीचं. आपल्याला दुसरं हवं. विरजण लावून घुसळलेल्या लोण्याची ती चव तुपात उतरते. २५० ग्रॅमच्या पाकिटात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे साधारण २०० ग्रॅम तूप. चार पाकिटं एकदम, मंद आचेवर, जाड बुडाच्या पातेल्यात कढवा. बुडबुड्यांचा आवाज बारीक झाला आणि बेरी बदामी झाली, की लगेच उतरवा. काचेची शेगडी गार व्हायला वेळ लागतो, पातेलं तिच्यावरच राहिलं तर बेरी जळते. त्याच तुपात डिंक तळून लाडू वळा.

लेकीला आताच सांगा की हेबामे, म्हणजे सुईण, शोधून ठेव. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळंतीण आणि बाळ दोघांना तपासते, पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज, पुढे बारा आठवड्यांपर्यंत, आणि सरकारी विम्यात त्याचे पैसे पडत नाहीत. मोठ्या शहरांत सुइणी कमी पडतात, म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीलाच नाव नोंदवावं लागतं. मालिश, अंघोळ, अंगावरचं पाजणं याबद्दल तिच्याशी बोला, पुष्कळ गोष्टी जुळतील. धुरी मात्र देऊ नका. धूर बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक आहे. शिवाय निजायच्या खोलीत छताला धुराची घंटी असते, ती वाजली की सगळी इमारत जिन्यात येते.

प्रश्न : भारतीय लायसन्सवर गाडी किती दिवस चालवता येते? — वाचक, ठाणे

वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने, बरोबर भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवून. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास तुम्हाला सक्तीचे नाहीत, पण परीक्षेला शाळेमार्फतच बसावं लागतं. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. अर्ज पुढे सरकायला आठवडे लागतात, म्हणून चौथ्या महिन्यात हालचाल करा. आपली माणसं नापास होतात ती मुख्यतः दोन गोष्टींवर : वळताना मान वळवून खांद्यावरून मागे न पाहणं, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी न सोडणं.

प्रश्न : स्टुटगार्टला आमच्या दाराला शेजारणीनं 'केअरवोखे' लिहिलेली पाटी अडकवली. आमचं काही चुकलं का? — वाचक, स्टुटगार्ट

नाही, तुमची पाळी आली. केअरवोखे म्हणजे झाडलोटीचा आठवडा, स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागातली ही जुनी पद्धत आहे. पाटी ज्याच्या दारावर, त्यानं त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घ्यायचा. काही इमारतींत तळघर, अंगण आणि हिवाळ्यात पायवाटेवरचं बर्फही त्यात येतं. काय काय ते करारात किंवा जिन्यातल्या नियमावलीत लिहिलेलं असतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत उरका आणि पाटी पुढच्या दाराला लावा. रविवारी हे काम करू नये. काचेच्या बाटल्याही त्या दिवशी डब्यात टाकत नाहीत, आवाज होतो. आणि रात्री दहा ते सकाळी सहा मिक्सर बंद.

कचऱ्यात एकच चूक सगळ्यांकडून होते : भाजीचे देठ 'विघटनशील' पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणं. बऱ्याच गावांत ती पिशवी चालत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, थंड करून बंद बरणीत रेस्टम्युलमध्ये, म्हणजे उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात, टाका. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. ती चेपू नका, मशीनला पट्टी वाचता आली नाही तर पैसे मिळत नाहीत.

शेजारणीकडे जाऊन एकदा विचारा, की बादली आणि फडकं कुठे ठेवतात. बहुतेक इमारतींत ते तळघरात, जिन्याखालच्या कपाटात असतं.